सतरा नंबरचं जॅकेट

मी एक जुनं लाइफ जॅकेट आहे, मित्रांनो. माझ्या पाठीवर काळ्या रंगात सतरा हा आकडा आहे आणि तो अजून वाचता येतो. अंगाचा रंग मात्र विचारू नका. जन्मलो तेव्हा ऐन दसऱ्यातल्या झेंडूसारखा नारिंगी होतो, आता ओळखू येत नाही. वास येतो म्हणून नाकं मुरडणारे शेकड्यांनी भेटले. सहा वर्षं खाऱ्या पाण्यात काढा आणि मग बोला, असं त्यांना सांगावंसं फार वाटायचं. पण ते असो. मला गाऱ्हाणं मांडायचं नाही. मी जे पाहिलं आणि त्याहून जास्त जे ऐकलं, ते सांगायचं आहे. अजून आठवलं तरी माझे धागे ताठ होतात.

माझा जन्म कोल्हापुरात, मंगळवार पेठेत झाला. समुद्र तिथून घाट उतरून कितीतरी लांब. बायडाबाई नावाच्या बाईंच्या दोन खोल्या होत्या आणि त्यांत तीन शिलाई मशीन. बायडाबाई आधी शाळेची दप्तरं शिवायच्या. आमचं काम त्यांच्याकडे आलं ते भाचीमुळे. ही भाची म्हणजे प्रीती, चंदगडची. तिच्या वर्गातली निम्मी पोरं-पोरी गोव्यातल्या हॉटेलांत बशा विसळायला गेली. प्रीतीनं मात्र बोट चालवण्याचं आणि बुडत्याला वाचवण्याचं रीतसर शिक्षण घेतलं, परवाना मिळवला आणि मालवणच्या दक्षिणेला एका खाडीकाठच्या गावात तिथल्या आठ कोळी पोरांना जोडीला घेऊन पर्यटकांना समुद्रावर फिरवायचा गट काढला. चाळीस जॅकेटं लागणार होती.

"प्रीते, म्या समुद्र कदी डोळ्यांनी बघितला न्हाय," बायडाबाई म्हणाल्या. "तितल्या मापाचं कसं शिवू?"

"मावशी, माप समुद्राचं न्हाय, माणसाचंच हाय की!"

बायडाबाईंना ते पटलं. मग त्या अशा काही कामाला लागल्या की विचारू नका. खांद्याचा प्रत्येक पट्टा त्यांनी दोनदा शिवला. जॅकेट तयार झालं की ते जमिनीवर टाकायच्या, त्याच्या पोटावर पाय द्यायच्या आणि दोन्ही हातांनी पट्टा असा ओढायच्या की गळ्याच्या शिरा फुगाव्यात. तीन जॅकेटांचे पट्टे त्या ओढण्यात निघाले.  बाईंनी तिन्हींची शिवण उसवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मी टिकलो. पुढे तपासणी होऊन आमच्यावर शिक्के बसले, पण खरी परीक्षा मी त्या पायाखाली दिली होती.

एसटीच्या टपावर पोत्यात बसून आम्ही गगनबावड्याचा घाट उतरलो. दुसऱ्या दिवशी पोतं उघडलं आणि मी समुद्र पाहिला.

काय सांगू तुम्हाला! मी तोवर पाणी पाहिलं होतं ते चाळीच्या नळाला, तेही तासभर येणारं. इथे ते संपतच नव्हतं. डोळा जाईल तिथवर पाणी, त्याच्या पलीकडे आभाळ, आणि दोघांच्या मधली रेघ नेमकी कुठे आहे ते कळेना. एवढ्या मोठ्या पाण्यापुढे मी कोण? दोन हात कापड आणि चार बोटं फोम. मला माझीच लाज वाटली. मी याच्यापासून माणसाला वाचवायचं? कुणी ठरवलं हे?

पण पहिल्या दिवशी एका शाळेच्या बाईंनी मला अंगात घातलं, बकल कट्कन लागलं आणि मला दुसरी गोष्ट कळली. मी छातीला धरून बसतो ना, त्यामुळे मला माणसाचं काळीज ऐकू येतं. बाई मुलांना मोठ्या हिमतीनं सांगत होत्या, "काही होत नाही, बसा रे!" आणि आत धडधड चालली होती. नंतर नवी लग्नं झालेली जोडपी आली, पोलीस आले, पुढारी आले, गोरे परदेशी पाहुणे आले. वर तोंडानं काहीही बोलोत, बोट खाडीतून समुद्रात शिरली की आतला ठोका प्रत्येकाचा एकसारखाच व्हायचा. मी थक्क व्हायचो. समुद्र मोठा, हे तर दिसतंच होतं. पण माणसाच्या मुठीएवढं काळीज त्या समुद्राकडे बघून न थांबता धडधडत राहतं, हे मला त्याहून मोठं वाटायचं.

आता खरी गोष्ट सांगतो. प्रीतीच्या गटाला सरकारी परवानगी मिळाली होती ती एकाच हंगामाची, तात्पुरती. मे अखेरीपर्यंत काम नीट चाललं तर पुढे कायमची, नाहीतर बोट काठावर उलटी. नऊ जणांची पोटं त्या एका कागदावर होती. प्रीतीचा उजवा हात म्हणजे लवू तांडेल. तो तर गोव्याची नोकरी सोडून आईपाशी परत आला होता. प्रीतीचा नियम कडक होता. जॅकेट नाही, तर बोट नाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापूरकडची एक गाडी आली. नऊ माणसं उतरली. सगळ्यांत पुढे हंबीरराव. वय साठ-बासष्ट, पिळदार मिशी, आवाज असा की काठावरचे बगळे उडावेत. घरच्या सगळ्यांनी जॅकेटं घातली. प्रीतीनं मला हंबीररावांपुढे धरलं.

"ह्ये कशाला?" हंबीरराव म्हणाले. "डबा बांधून पवायचं वय हाय व्हय माझं?"

मित्रांनो, तुम्ही शहरातले असाल तर हे कळायचं नाही. त्यांच्या गावाकडे पोर पोहायला शिकतं ते विहिरीत, पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून. हात-पाय मारता आले की डबा सुटतो. त्या दिवशी पोर गावभर मिरवतं. त्यानंतर पुन्हा डबा बांधणं म्हणजे भर चौकात लंगोटीच्या वयात परत जाणं. हंबीररावांना मी डबाच वाटलो.

"चाळीस वर्सं गावची पोरं पवायला शिकिवतोय म्या! पावणं बी हसतील मला!"

"आजोबा, जॅकेट घातल्याबिगर बोट न्हाय निघायची," प्रीती म्हणाली आणि तिनं इंजिन बंद केलं.

लवू हळूच तिच्या कानाशी लागला. "गो प्रीती, नऊ माणसां आसत. एकाक तसोच घेवया मगे."

प्रीती हलली नाही. तिनं हंबीररावांनाच विचारलं, "पोरांस्नी डबा कोण बांधतंय, आजोबा?"

"मीच की. गाठ माझ्या हातची आसती. दुसऱ्यावर भरवसा न्हाय."

"आणि एखादं पोरगं म्हणालं, मला डबा नगं, तर?"

"इहिरीच्या काठाला बी उभं करत न्हाय म्या त्येला!" हंबीरराव तावातावानं बोलून गेले, आणि आपल्याच बोलण्यात सापडले. घरची माणसं खो-खो हसली. हंबीररावांच्या मिशीलाही जरा हसू फुटलं. त्यांनी मला हिसकावून घेतलं, वर-खाली पाहिलं, खांद्याचा पट्टा दोन्ही हातांनी ताणला. जाणत्या माणसाची नजर होती ती.

"शिलाई कुनाची?"

"माझ्या मावशीची. मंगळवार पेठेतली."

"मग बरी आसंल," असं म्हणून त्यांनी मला अंगात चढवलं. बकल लागलं. आतला ठोका मला ऐकू आला. तोंडानं गर्जणारा हा माणूस समुद्र पहिल्यांदाच बघत होता.

खाडीच्या तोंडापर्यंत सगळं छान चाललं होतं. तिथे डाव्या हाताला पाण्यातून काळी पाठ वर आली, पुन्हा आत गेली. डॉल्फिन! एक नाही, चार. हंबीरराव लहान पोरासारखे उठून उभे राहिले. "आजोबा, खाली बसा!" प्रीती ओरडली, तोच आडवी लाट आली आणि हंबीरराव अन् मी, दोघं पाण्यात.

हंबीरराव घाबरले नाहीत. पट्टीचे पोहणारे ते. त्यांनी बोटीच्या दिशेनं जोरदार हात मारायला सुरुवात केली. पण विहिरीतलं पाणी जागच्या जागी असतं हो. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी सगळं समुद्राकडे धाव घेतं. दहा हात मारले, बोट लांब गेली. वीस मारले, आणखी लांब. आणि तेव्हा त्यांच्या काळजाचा जो आवाज मी ऐकला, तो पुन्हा कधी ऐकायला लागू नये. दम संपला, हात जड झाले, नाका-तोंडात पाणी गेलं. त्या क्षणी मला माझं काम कळलं. मी काही केलं नाही. फक्त बुडलो नाही. त्यांची हनुवटी पाण्याच्या वर धरून राहिलो.

"हात मारू नगासा आजोबा! उताणं व्हा! निस्तं तरंगा!" प्रीतीचा आवाज आला. ती सरळ अंगावर धावून आली नाही. तिनं बोट लांबून वळवली, लाटेला नाक दाखवत फिरवून आणली आणि जवळ येताच इंजिन बंद केलं, म्हणजे पंख्यात माणूस यायला नको. एवढ्या खवळलेल्या पाण्यात तिच्या हाताला जराही घाई नव्हती. मी थक्क होऊन पाहत राहिलो. लवूनं वाकून माझा खांद्याचा पट्टा धरला. "हात सोडू नकात, आजोबांनू!" नव्वद किलोचा गडी, ओले कपडे, वरून लाटा. सगळा भार एका पट्ट्यावर आला. शिवण करकरली, आणि राहिली.

काठावर आल्यावर हंबीरराव वाळूत बसले. लेकी-सुना रडत होत्या. कितीतरी वेळ त्यांनी मला अंगावरून काढू दिलं नाही.

प्रीतीनं घटनांची नोंदवही उघडली. लवू कळवळून म्हणाला, "लिवू नको गो. भायल्या कोणी बघूक नाय. परवानगी जायत आपली."

"म्या बघितलंय की," प्रीती म्हणाली आणि तिनं वेळेसकट सगळं लिहिलं. 

तिसऱ्या दिवशी अधिकारी आले. त्यांनी ती नोंद वाचली, दोनदा वाचली, आणि कपाळाला आठी घातली. "प्रवासी पाण्यात पडला? म्हणजे..." नऊ पोरं ओळीनं उभी होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. घरच्यांना गाडीत घालून परत पाठवून हंबीरराव एकटेच गावात राहिले होते. "सायेब, पडला त्यो मी. ही पोरगी बस म्हनत हुती, म्या उठलो. चूक माझी हाय. माझी!" असे कडाडले की किनाऱ्यावरची माणसं थांबून बघू लागली. मी तेव्हा खुंटीवर होतो, त्यांचं काळीज मला ऐकू येत नव्हतं. पण ज्या माणसाला डबा बांधायची लाज वाटली होती, त्यानं चारचौघांत चूक कबूल करणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. माझे धागे भरून आले.

अधिकारी वही मिटत म्हणाले, "बहुतेक ठिकाणी ही वही कोरी सापडते. इथे लिहिलंय, म्हणून मी विश्वास ठेवतो." परवानगी पुढे चालू राहिली. लवू वाळूत बसून ढसाढसा रडला.

आज त्या काठावर चार बोटी आहेत. दर वर्षी नवी पोरं-पोरी शिकायला येतात, गोव्याच्या गाडीत बसायचं सोडून. मी मात्र थकलो. फोम दबला, कापड विरलं. एके दिवशी प्रीतीनं काळ्या रंगानं माझ्या पोटावर मोठी फुली मारली. हे आता वापरायचं नाही. मला फार लागलं ते. अख्खा पावसाळा मी खुंटीवर रुसून होतो. एवढं करून हेच फळ?

मग शिकवणीचा पहिला दिवस उजाडला. प्रीतीनं मला खाली काढलं आणि पोरांना माझी सगळी गोष्ट सांगितली. सगळे माझ्याकडे देव बघावा तसे बघू लागले. मी फुशारून गेलो. तेवढ्यात तिनं मला पाच किलोचा दगड बांधला आणि सगळ्यांसमोर खाडीत टाकलं.

नवं जॅकेट एवढा दगड सहज पेलतं, पण मी बुडालो. हो मित्रांनो, ज्यानं हंबीररावांना तारलं तो मी, दगडासकट तळाशी गेलो. दोरीनं मला वर ओढलं तेव्हा काठावर कुणी हसत नव्हतं. एकूण एक पोर आपापलं जॅकेट उलटं करून आत छापलेली शिलाईची तारीख शोधत होतं.

तेव्हापासून दर वर्षी एकदा मी बुडतो. आता मी रुसत नाही. तुम्ही कधी पाण्यावर गेलात आणि माझ्यासारखं एखादं म्हातारं जॅकेट कुणी तुमच्यापुढे केलं, तर त्याची कीव करू नका, भीडही धरू नका. त्याचा मान ठेवा, त्याला खुंटीला टांगा, आणि स्वतःसाठी दुसरं मागून घ्या.