भुवयांची हरकत

लूपेमावशींच्या गॅरेजात गाडी कधी उभी राहिलीच नाही. तिथे चटया, लाकडी बाकं आणि दर बुधवारची प्रार्थना. पाद्री तेविता उपदेश सुरू करतात बोलून आणि संपवतात गाऊन. शेजारी म्हणून तीस वर्षं मी त्या चटईवर बसतोय. मावशींच्या बेटावरची टोंगन भाषा निम्मीच कळते, पण त्यांनी सूर चढवला की डोळे भरून येतात.

ऑकलंडच्या नव्या नकाशात त्याच गॅरेजवरून रस्त्याची रेघ गेली होती. मागच्या भाजीच्या मळ्यात सहा मजली इमारती येणार, त्यांना वाट हवी. नगरपालिकेची शेवटची सुनावणी ग्रंथालयाच्या दालनात होती. आज मावशींची हरकत नोंदली गेली नाही, तर रेघ पक्की.

"मावशी, नीट बोल हं," भाची सीनी कुजबुजली.

"गप गं. तुझ्या आईला बोलायला मी शिकवलं."

अध्यक्षांनी कागदातून डोकं न काढता विचारलं, "बाई, गॅरेज पाडायला तुमची हरकत आहे का?"

मावशींनी दोन्ही भुवया झटकन वर उचलल्या. टोंगन माणसाचा हा ठणठणीत होकार. साहेबासमोर फार बडबड केली, तर ती उद्धटपणात जमा.

"आहे का हरकत?"

भुवया पुन्हा वर.

"उत्तर नाही. हरकत नाही, असं लिहा."

लेखनिक टाइप करू लागली. सीनी खुर्चीतून अर्धी उठली आणि तशीच बसली. मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालायचं नसतं, आणि मावशी तर दोनदा बोलली होती.

"पुढचं प्रकरण..."

"साहेब, थांबा!" मी उभा राहिलो. "त्या दोनदा हो म्हणाल्या."

"मला काही ऐकू आलं नाही."

"ऐकू येत नाही ते, बघावं लागतं."

मागे कुणीतरी हसलं. अध्यक्ष कागद चाळतच म्हणाले, "नोंद शब्दांची होते. तीही त्यांच्याच तोंडून. लवकर."

मावशी माझ्याकडे वळल्या. "मी सांगितलं ना रे त्याला?"

"त्यांना दिसलं नाही, मावशी."

"अगं बाई! आंधळा आहे होय बिचारा?"

त्या तडक टेबलापाशी गेल्या, वाकल्या आणि एकेक शब्द तोडत मोठ्यानं म्हणाल्या, "हो! माझी हरकत आहे! तिथे आम्ही देवाचं नाव घेतो. मी रस्ता देणार नाही!"

अध्यक्ष दचकले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली.

"खोडा ते," ते लेखनिकेला म्हणाले. "हरकत आहे, असं लिहा."

रेघ अजून नकाशावर आहेच. निकाल ऑगस्टात. पायऱ्या उतरताना सीनी हसू दाबत होती. मावशींनी मात्र हात जोडले होते.

"देवा," त्या म्हणाल्या, "त्या माणसाला दृष्टी दे."