तुम्ही म्हण आणि मुलगी घेऊन जा

माइल्स हार्कर टोपी न काढताच आमच्याकडे जेवायला बसला, तेव्हाच मला कळलं, आज भांडण होणार. तो क्वेकर पंथाचा. इंग्लंडच्या गादीवर राजा परत आल्यापासून त्याच्या पंथाची निम्मी माणसं तुरुंगात होती, ती याच हट्टापायी. टोपी कुणापुढे काढायची नाही आणि न्यायाधीश असो की गुराखी, सगळ्यांना तू म्हणायचं. माझे बाबा, अँथनी एअरी, केंडलमधले लोकरीचे बडे व्यापारी. त्यांना तू म्हणायची छाती गावात कुणाची नव्हती, माझी तर नव्हतीच.

आणि बाबांनी होकार दिल्याशिवाय माइल्सच्या पंथाची सभा आमच्या लग्नाला मान्यता देणार नव्हती.

बाबांनी मटण वाढून घेतलं आणि सौदा सांगून टाकला. मला एकदा, फक्त एकदा तुम्ही म्हण आणि माझ्या टॅम्सिनला घेऊन जा. म्हण की मेल्या, असं मला ओरडावंसं वाटत होतं. एवढासा तर शब्द.

माइल्सला घाम फुटला होता, तरी तो बोलला.

"अँथनी, तुम्ही म्हणजे पुष्कळ जण. मोठ्या लोकांना एकटं असणं कमीपणाचं वाटलं, म्हणून खुशमस्कऱ्यांनी एकाचे पुष्कळ केले. तू तर एकटाच बसला आहेस. तुझी मुलगी मागायची आणि सुरुवातच खोट्याने करायची?"

बाबा लालबुंद झाले. त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. माइल्स उठला, आणि त्याच्या मागोमाग मी.

"हा गेला तर मीही जाणार. बाबा, तू अडवून बघ."

शब्द तोंडातून निघून गेला. भीती वाटायला हवी होती, पण काय सांगू, मला नाचावंसं वाटत होतं. तो शब्द पुन्हा म्हणावासा वाटत होता.

बाबांचा हात वर गेला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला.

"बाजारात सगळे मला तुम्ही तुम्ही करतात आणि वजन वाढावं म्हणून भिजवलेली लोकर गळ्यात मारतात," ते शेवटी माइल्सला म्हणाले. "तू म्हणणारा निदान फसवणार तरी नाही." "बस खाली. सभेला सांग, बापाची हरकत नाही. पण माझी नातवंडं मला तुम्हीच म्हणतील, सांगून ठेवतो."

"बस तू वाट बघत," मी म्हटलं आणि त्यांना आणखी मटण वाढलं.