बसायची फळी

बापाच्या मनात आहे तरी काय, हे दत्तारामला काही केल्या कळेना.

चिंचवडात नदीकाठी भाड्याची खोली, पुढे टीचभर अंगण, आणि त्या अंगणात शिडाची होडी. लोक हसतील नाहीतर काय करतील? पण दत्तारामला हसणाऱ्यांची पर्वा नव्हती. आई गेल्यावर त्याने धाकूला, म्हणजे बापाला, जयगडहून इकडे आणलं होतं. उभा जन्म खाडीत होडी हाकलेला माणूस इथे दोन घास गिळायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. "मी आपला परत जातो," एवढंच बोलायचा. तिकडे एकट्या म्हाताऱ्याचं करणार कोण? म्हणून दत्तारामने पिंपरीच्या कंपनीतून यंत्रांच्या पेट्यांच्या फळ्या आणल्या आणि घरच्या जुन्या होडीसारखी होडी करायला घेतली. समुद्र नाही तर नाही, पवना तर आहे. बाबा रमले म्हणजे राहतील, असा साधा हिशेब.

म्हातारा उठला खरा. जेवायलाही लागला. पण जुन्या होडीतलं एक माप जागेवर राहू देईल तर शपथ.

"बसायची फळी मागं घे," म्हणाला. घेतली. "वर घे." तीही घेतली. मग सुकाणूचा दांडा लांबवला. मग पाय रोवायला तळाशी जी आडवी पट्टी असते, ती स्वतःच्या हाताने उखडून पार पुढे ठोकली.

दत्ताराम चक्रावला. बाप बुटका, आणि ही बैठक ताडमाड माणसाची. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते हेच की काय? त्याने बायकोला विचारलं. शालन म्हणाली, "मला काय कळतंय होडीतलं. जेवतात ना, मग करू द्या." शेजारचा नवाब मेकॅनिक करवत परत न्यायला आला, तर तो म्हणाला, "भाऊ, चाचा होडी बांधतायत की खाट?" असले सल्लागार भेटल्यावर माणसाने कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

शेवटी एका पहाटे बाप झोपलेला पाहून दत्तारामने फळी आणि पट्टी पुन्हा जुन्या जागी बसवली. संध्याकाळी कामावरून येऊन बघतो तर म्हाताऱ्याने दोन्ही उपसून पुन्हा आपल्याच मापाला ठोकलेली.

आता मात्र तो वैतागला. बापाचा दंड धरून त्याने त्याला होडीत बसवलं. "हे बघा. पाय तरी पोचतात का पट्टीला?"

धाकूने लोंबकळणाऱ्या पायांकडे पाहिलं. "न्हाई पोचत."

"मग?"

"तू बस."

दत्ताराम बसला. टाचा नेमक्या पट्टीवर टेकल्या. दांडा आपसूक हातात आला.

"होडी चालवणाऱ्याच्या मापानं बांधायची असते," म्हातारा म्हणाला.

"पण ही तुमच्यासाठी आहे, बाबा. तुम्ही इथं राहावं म्हणून."

"ठाव हाय मला. लहानपणी तुला मामाकडं शिकायला धाडला, तवा शीड धरायला शिकवायचं राहून गेलं. तेवढं शिकवतो, आन् मग घरी जातो. तुझी आय तिकडंच गेली रं, मला हितं नको ठिवू."

दत्ताराम होडीतच बसून राहिला. लवकर शिकलो तर बाप जाणार, आणि नाही शिकलो तर तो कशासाठी थांबला होता ते वाया जाणार. म्हातारा तोवर शिडाचा दोर घेऊन आलाही होता.

"धर," तो म्हणाला, आणि दत्तारामने दोर धरला.