पावलागणिक एक पट्टी

घरात तिला धाकटी म्हणत, आणि चाळिशी उलटली तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. ती बागा आणि अंगणं आखायची. या वेळचं काम होतं एका संस्थेच्या मागच्या मोकळ्या जागेचं. कंपवाताचे रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं दर गुरुवारी दुपारी तिथं जमत, व्यायाम करत, एकमेकांशी बोलत.

संचालिकाबाईंची मागणी थोडक्यात होती. "प्रत्येकाला इथं एकट्यानं फिरता आलं पाहिजे. आणि आमच्याकडे माळी नाही. आठवड्यातून एकदा पाणी घालून भागलं पाहिजे."

धाकटीनं आराखडा चार दिवसांत केला. हिरवळ नाही, सगळीकडे बारीक खडी, तिच्यात अंतराअंतरावर दगडी फरशा, कडेनं काटक झुडपं. दिसायला छान, राखायला सोपं. स्वतःवर खूश होऊनच ती एका गुरुवारी गवंड्याला घेऊन खडीचा नमुन्याचा तुकडा पसरायला गेली.

साडेचारला मागचं दार उघडलं आणि माणसं बाहेर येऊ लागली. तिसरा माणूस उंबऱ्यातच अडकला. पाय जमिनीला चिकटल्यासारखे, वरचं अंग तेवढं पुढे झुकलेलं. मागची माणसं थांबून राहिली. त्याचा डावा हात खिशात होता.

ते भावोजी होते. ताईचा नवरा.

वर्षभर ते घरच्या कार्यांना डावा हात खिशात घालून वावरत होते. मागच्या खेपेला धाकटीनंच चारचौघांत त्यांची फिरकी घेतली होती, "खिशात काय दडवलंय भावोजी, आम्हालाही दाखवा की." आता ते आठवून तिचे कान तापले.

"तू इथं कशी?" जवळ आल्यावर त्यांनी विचारलं.

"ही जागा आखतेय. तुम्ही?"

"मी वापरणार आहे." ते हसले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "ताईला बोलू नकोस. मीच सांगणार आहे."

"किती दिवस झाले?"

"चौदा महिने."

त्या दिवसापासून धाकटीचं कशात लक्ष लागेना. आराखडा उघडायची, दोन रेघा मारायची, मिटायची. चहा गार व्हायचा. ताईचा फोन वाजला की ती तो अगदी शेवटच्या रिंगला उचलायची. आणि ताईचा फोन रोज वाजायचा.

"ह्यांचं काहीतरी बिनसलंय," ताई म्हणायची. "गुरुवारी कुठं जातात सांगत नाहीत. विचारलं की खेकसतात. माझ्या मनात नको नको ते येतं ग."

"ऑफिसचं काम असेल," धाकटी म्हणायची, आणि फोन ठेवून घरभर येरझारा घालायची.

पुढच्या गुरुवारी नमुन्याच्या खडीत एका आजींच्या वॉकरची चाकं रुतली. भावोजी पहिल्याच फरशीवर खिळले. "पाय मागेच राहतात," ते म्हणाले. पलीकडे गवंड्यानं कुंपणाच्या खांबांसाठी पांढऱ्या फक्कीच्या आडव्या रेघा मारल्या होत्या. भावोजी कसेबसे वळून तिकडे गेले आणि एकेक रेघ ओलांडत सरळ शेवटपर्यंत चालत गेले. कुठंही न अडखळता.

"रेघ दिसली की पाय उचलतो," ते म्हणाले. "का, ते डॉक्टरला विचार."

धाकटीनं खडी रद्द केली. सबंध जागेला वळसा घालणारी सिमेंटची सपाट वाट, रुंदी दोन माणसं शेजारी चालतील एवढी, आणि तिच्यात पावलागणिक एक पिवळी पट्टी, जमिनीशी अगदी समतल. झाडं कमरेइतक्या उंच वाफ्यांत, म्हणजे वाकायला नको, आणि मधे मधे टेकायला बाकं. दोन पट्ट्यांतलं अंतर तिनं भावोजींना आणि त्या आजींना चालवून चालवून ठरवलं. दर वेळी ती विचारायची, "सांगितलंत का?" आणि ते म्हणायचे, "या आठवड्यात नक्की."

वाट वाळून चालण्याजोगी झाली त्या बुधवारी ताईचा आवाज वेगळाच होता. "उद्या मी ह्यांच्या मागोमाग जाणार. काय असेल ते एकदा डोळ्यांनी बघते."

धाकटीनं तिला संस्थेचा पत्ता सांगितला. "मागोमाग नको जाऊस. साडेचारला सरळ या पत्त्यावर ये."

ताई आली तेव्हा भावोजी पट्ट्यांवरून चालत होते. डावा हात खिशाबाहेर होता आणि थरथरत होता. ताई बघत राहिली.

"तुला केव्हापासून माहीत?"

"सहा आठवडे."

ताई तिच्याकडे न बघता पुढे गेली आणि नवऱ्याच्या बाजूनं चालू लागली. भावोजींनी मान वळवून धाकटीकडे एकदाच पाहिलं. ती नजर तिला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिली.

नवराबायकोचं आपसांत मिटलं, राग मात्र सगळा धाकटीच्या वाट्याला आला. एकीला वाटे, हिनं लपवलं. दुसऱ्याला वाटे, हिनं शब्द मोडला. दोघांचंही खरंच होतं, त्यामुळे तिला भांडताही येईना. काम संपलं तरी ती तडे बघायच्या निमित्तानं संस्थेत डोकवायची, गुरुवार तेवढा टाळून. ज्या झाडांना पाणी नको होतं त्यांनाही घालायची. संचालिकाबाई एकदा म्हणाल्या, "अहो, माळी नको म्हटलं होतं ना आम्ही?"

दोन महिन्यांनी एका गुरुवारी ताईचा फोन आला. कशी आहेस वगैरे काही नाही.

"तुझ्या त्या बाकांना हात का नाहीत? उठताना ह्यांना धरायला काही नाही. दर वेळी मी ओढायचं का?"

"चुकलंच. उद्या माणूस पाठवते."

"माणूस कशाला? आम्ही बागेतच आहोत, तू ये. ह्यांना बसवून उंची बघ."

"बसतील ते, माझ्यासमोर?"

"बसतील. तोंड वाकडं करतील, पण बसतील."

धाकटी चप्पल घालता घालताच जिना उतरली.