आंपारोच्या चार वाट्या

धाकट्या भावाने, फेर्मिनने मखमली डबी हातात ठेवली, तेव्हा एन्कार्नाला वाटलं, आला एकदाचा आईचा कॅस्टनेटचा, नाचताना हातांत वाजवायच्या लाकडी वाट्यांचा जोड. उघडून बघते तो काय, आत एकच लाकडी वाटी!

त्रियानातल्या त्यांच्या अंगणात दर मे महिन्यात फुलांचा क्रूस सजायचा आणि त्याच्यापुढे पहिला नाच आईचा, आंपारोचा, ही रीत. आंपारो हिवाळ्यात गेली. जाण्याआधी थोरल्या एन्कार्नाला बजावून गेली, यंदा तू नाच, माझ्याच कॅस्टनेट घेऊन. उजव्या हातातली बारीक आवाजाची, डाव्यातली भरदार. एकेका हातात दोन, अशा मिळून चार वाट्या, दोरीने अंगठ्यांना अडकवलेल्या.

आणि या धाकट्याने दोऱ्या कापून चौघा भावंडांना एकेक वाटी देऊन टाकली होती. समान वाटणी म्हणे! वर प्रत्येक वाटीच्या आतल्या खळग्यात आईचं नाव कोरून आणलं होतं आणि अख्ख्या गल्लीत मिरवत होता शहाणा. अरे, त्या खळग्यातच तर सगळा आवाज असतो! नाचणारीच्या पोटी जन्मला आणि एवढंही कळू नये? एन्कार्नाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तिने घरोघर जाऊन चारही वाट्या गोळा केल्या, नवी दोरी ओवली, वाजवून पाहिलं. ठप्प. रिकाम्या खोक्यावर टिचकी मारावी तसं.

क्रूसाच्या दिवशी शेजारणींनी आपापल्या कॅस्टनेट पुढे केल्या. तिने एकीच्याही घेतल्या नाहीत. आईच्याच बांधून उभी राहिली आणि नाचली. पावलं आईची, गिरकी आईची, आणि हातात ठप्प ठप्प. म्हाताऱ्या खाली बघू लागल्या. कुणी टाळ्यांनी सावरायला गेलं, तर तिने असं पाहिलं की टाळ्या तिथेच थांबल्या.

लिंबाच्या झाडाखाली फेर्मिन कौतुकाची वाट बघत उभा होता. त्याचा चेहरा उतरला.

"ताई, पुरे ना," तो जवळ येऊन पुटपुटला. "लोक ऐकतायत."

"ऐकू दे."

नाच पुरा करूनच ती थांबली. अंगठ्यांतल्या दोऱ्या सोडल्या आणि चारही वाट्या त्याच्या ओंजळीत टाकल्या.

"हे घे आईचं नाव. छान कोरलंयस. उद्या तुझ्या पोरींनी विचारलं, आजी कशी वाजवायची, तर दाखव वाजवून."

सगळं अंगण त्याच्याकडे बघत होतं. दोरी अंगठ्यात कशी अडकवतात, तेसुद्धा त्याला येत नव्हतं.