डेपोतला अर्धा तास

समुपदेशक बाईंचा एक नियम होता. जोडपं आलं की आधी दोघांना एकत्र भेटायचं, मग एकेकट्याला. आणि एकानं सांगितलेलं आपण दुसऱ्याच्या कानावर घालायचं नाही. ज्याचं त्यानंच सांगायचं. वीस वर्षांत हा नियम त्यांनी मोडला नव्हता, पण कवळ्या बनवणारा आणि त्याची बायको आली तेव्हा मात्र जीभ आवरताना त्यांच्या नाकी नऊ आले.

नवरा दिवसभर एका छोट्या कार्यशाळेत एकटाच बसून लोकांचे खोटे दात घासूनपुसून तयार करायचा. बायको शहरातली बस चालवायची. पहिल्या भेटीत दोघं सोफ्याच्या दोन टोकांना जाऊन बसली.

"ही घरी आली की तोंडाला कुलूप," तो म्हणाला.

"आणि हे मी दारात असतानाच सुरू होतात. चपला तरी काढू द्याव्यात माणसानं."

पुढच्या आठवड्यात बायको एकटी आली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून मग म्हणाली, "ड्यूटी साडेपाचला संपते. बस डेपोत लावते आणि अर्धा तास शेवटच्या सीटवर पाय लांब करून बसते. कुणी घंटी वाजवत नाही, कुणी 'जरा पुढं थांबवा' म्हणत नाही."

"घरी ठाऊक आहे?"

"छे. सांगणार काय? वेडी म्हणतील."

दोन दिवसांनी नवरा आला. खुर्चीत नीट टेकलाही नाही. "मॅडम, सहा महिने मी घड्याळ बघतोय. साडेपाचला सुटते, साडेसहाला घरी. वाट अर्ध्या तासाची. उरलेला अर्धा तास जातो कुठं? आणि येते ती चांगली ताजीतवानी होऊन. तिचं बाहेर कुणीतरी आहे."

बाईंनी पेलाभर पाणी सावकाश पिऊन संपवलं. उत्तर अगदी ओठांवर होतं.

"तिला विचारलंत?"

"नाही."

"का बरं?"

"'हो' म्हणाली तर?"

बाईंना त्याच्याबद्दल फार माया वाटली. "पुढच्या वेळी विचारा," त्या म्हणाल्या. "मी असेन तिथं."

पुढच्या भेटीत बाईंनी दोघांना समोरासमोर बसवलं. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं, पहिला 'बरोबर' म्हणेपर्यंत. नवऱ्यानं घसा खाकरला आणि एका दमात विचारून टाकलं. बायको कानापर्यंत लाल झाली.

"डेपोत असते. रिकाम्या बसमध्ये बसते जरा वेळ."

"तिनं काय सांगितलं?" बाईंनी त्याला विचारलं.

"ही रिकाम्या बसमध्ये बसते." तो थांबला. "एकटीच?"

"मग काय वाजंत्री लावून?"

"मला वाटलं, तुझं कुणीतरी आहे."

ती त्याच्याकडं बघतच राहिली, आणि मग हसत सुटली. "अहो, रोज पाचशे माणसं उतरवते मी. वर आणखी एक कशाला चढवून घेऊ?"

तोही हसला, पण लगेच त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, "म्हणजे माझ्यापेक्षा रिकामी बस बरी."

आता सांगायची पाळी तिची होती. "मी उशिरा येते याचा यांना राग आहे." त्यानं नकारार्थी मान हलवली. "मी बोलत नाही याचा." तेही नाही. तिनं डोळे पुसले, जरा विचार केला. "दिवसभर यांच्यासमोर नुसते दात असतात, बोलणारं तोंड एकही नाही. हे माझी वाट बघतात, आणि मी मुद्दाम रेंगाळते."

"बरोबर," तो म्हणाला, आणि खिशात रुमाल शोधायला लागला.

तोडगा काय, ते बाईंनी सुचवलं नाही. ती दोघंच घासाघीस करत बसली. ठरलं ते असं, की बुधवारी त्यानं डेपोत यायचं, अर्धा तास बसमध्ये गप्प बसायचं. मग घरी जाताना हवं तितकं बोलायचं.

पुढच्या भेटीत बाईंनी विचारलं, "जमलं का गप्प बसणं?"

"अकरा मिनिटं," तो अभिमानानं म्हणाला. "पण आधी हीच बोलली."

"गोष्टच तशी होती," बायको म्हणाली. "एक माणूस भलामोठा आरसा घेऊन चढला होता. त्याचा स्टॉप येईपर्यंत अख्खी बस केस नीट करत होती."

"आणि बस चालवणारी? तीही," नवरा म्हणाला.

"लाल सिग्नलला. चालत्या बसमध्ये नाही."

बाहेर पुढचं जोडपं येऊन थांबलं होतं. बाईंनी दोनदा घड्याळाकडं पाहिलं, पण आरशाची गोष्ट अजून अर्ध्यावरच होती आणि दोघांपैकी कुणी उठायचं नाव घेईना.