हूं नाही की चूं नाही

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल. यांच्या नोकरीपायी मी परक्या देशात आले होते, पोटात पहिलं मूल होतं, आणि तिथल्या प्रसूतिगृहातल्या सुईणबाई मला चक्क घरी परत पाठवायला निघाल्या होत्या.

“अगं, त्या म्हणतायत, कळा सुरूच झालेल्या नाहीत,” हे माझा कोट हातात धरून म्हणाले. “उद्या या म्हणतात.”

“मग मी काय हौसेनं घाम पुसतेय? मूल रस्त्यात होईल, सांगा त्यांना!”

“सांगितलं. त्या म्हणतात, कळा येणारी बाई अशी गप्प बसूच शकत नाही.”

पलीकडच्या खाटेवरची बाई सगळी इमारत डोक्यावर घेत होती आणि तिच्याभोवती तिघीजणी धावत होत्या. मला मात्र निघताना आईनं बजावलं होतं, ‘तोंडातून हूं नाही की चूं नाही. ओरडणाऱ्या बाईचं हसं होतं.’ आमच्याकडे गप्प बाळंतिणीचं कौतुक. इथं तिला कोणी विचारेना.

“मग ओरड की तूही!”

“मला नाही येत. लाज वाटते. आणि तुम्ही आधी बाहेर व्हा.” आमच्याकडचे पुरुष असल्या खोलीच्या आसपासही फिरकत नसत.

“मी गेलो तर तुझं बोलणं त्यांना कळणार कसं?” यांनी इकडंतिकडं पाहिलं, डोळे मिटले आणि स्वतःच बोंब ठोकली, “आई गंऽऽ! मेलो गंऽऽ!”

सुईणबाई धावत आल्या. यांना खुर्चीत बसवलं, कपाळावर ओला रुमाल ठेवला, नाडी पाहिली. मला हसू आवरेना. हसता हसता अशी कळ आली की आईची शिकवण कुठल्या कुठे गेली.

“आई गंऽऽ!”

पलीकडची बाईसुद्धा गप्प झाली. सुईणबाईंनी माझ्या पोटावर हात ठेवला आणि त्यांचा चेहराच बदलला. खाट ढकलत मला आत नेलं. मागोमाग हेही.

“ही सारखी कोणाला बोलावतेय?” त्यांनी यांना विचारलं.

“तिच्या आईला. ती समुद्रापलीकडे आहे.”

“हाक मारली की आई काय म्हणते?”

“ओ.”

मग माझ्या प्रत्येक ‘आई गं’ला त्या खणखणीत ‘ओ’ देत राहिल्या, थेट मुलगी हातात येईपर्यंत.

पुढं माहेरी गेले तेव्हा आईला हे भीतभीतच सांगितलं. ती भाजी निवडत होती.

“बरं केलंस,” ती म्हणाली. “मलाही ओरडायचं होतं गं. पण भिंतीपलीकडे सासूबाई होत्या.”

आई त्यानंतर फार वर्षं राहिली नाही. सुईणबाई नोकरीतून निवृत्त होऊन बहिणीकडे राहायला गेल्या. मुलीच्या वाढदिवसाला त्या फुलं पाठवत, मग एका वर्षी ती आली नाहीत. हे मागच्या वर्षी गेले. साधी दाढ काढायची तरी हात धरायला मी लागायचे त्यांना. लेकीनं पन्नाशी ओलांडली. तिचा आवाज एवढा मोठा, की खाली फाटकापाशी ती कुणाशी बोलायला लागली की मी वर चहा टाकते.